वापरणाऱ्याला विचारा, आणि त्याला उत्तरही द्या

आषाढ पौर्णिमा जवळ आली की आपल्या विहारांतून वर्षावासाची लगबग सुरू होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन लागते, उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून सायंकाळी जमतात, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालू राहतो. परंतु वर्षावासाची प्रथा मुळात सुरू कशी झाली, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. पावसाळ्यात प्रवास अवघड म्हणून, असे मोघम उत्तर मिळते. विनयपिटकातील महावग्गात दिलेले कारण निराळे आहे. ते कारण म्हणजे लोकांची तक्रार!

भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात होते तेव्हाची ही हकिकत. त्या काळी भिक्खू उन्हाळा, हिवाळा, पावसाळा तिन्ही ऋतूंत चारिका करीत. पावसाळ्यात उगवलेली कोवळी हिरवळ त्यांच्या पायांखाली तुडवली जाई, बारीकसारीक जीव चिरडले जात. लोक नाराज झाले. इतर पंथांचे साधूदेखील या दिवसांत एका जागी थांबतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, मग या शाक्यपुत्रीय श्रमणांनाच हे का समजू नये, असे लोक उघड बोलू लागले. भिक्खूंनी ते ऐकले आणि जसेच्या तसे तथागतांच्या कानावर घातले. त्यानंतर पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. यातील मधली पायरी फार महत्त्वाची आहे. भिक्खूंनी लोकांचे बोलणे दडवले नाही. आपल्याकडे मात्र अध्यक्षांना वाईट वाटेल, वरिष्ठांचा गैरसमज होईल, म्हणून निम्मी गाऱ्हाणी मधल्या मधेच जिरतात.

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे. इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या आठव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी एकत्र जमून धर्मचर्चा करीत आणि लोक ती ऐकायला जात. मगधराज बिंबिसाराने हे पाहिले आणि आपल्या भिक्खूंनीही असे जमावे, अशी विनंती भगवंतांना केली. ती मान्य झाली. भिक्खू जमू लागले, पण नुसतेच मुकाट्याने बसून राहत! ऐकायला आलेले लोक चिडले. मुक्या जनावरांसारखे बसायचे तर जमायचे तरी कशाला, असे ते म्हणू लागले. हीसुद्धा तक्रार वर गेली आणि जमल्यावर धम्म सांगावा, अशी अनुज्ञा झाली. म्हणजे मागणी आली, मान्य झाली, अर्धवट अमलात आली, ज्यांच्यासाठी केली त्यांनीच उणीव दाखवली, आणि पुन्हा दुरुस्ती झाली. एवढे सगळे एका उपोसथासाठी.

हे आज सांगण्याचे कारण आपल्या वस्त्यांतच आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन ठिकठिकाणी विहारे उभारली. गिरणीतल्या, रेल्वेतल्या, नगरपालिकेच्या सफाई खात्यातल्या माणसांनी पगारातून वर्गणी दिली. विहाराला जोडून कुठे वाचनालय झाले, कुठे अभ्यासिका, कुठे बालवाडी, कुठे शिवणवर्ग. बचत गट आणि पतपेढ्याही निघाल्या. या संस्था चालवणारे कार्यकर्ते बहुतेक प्रामाणिक असतात. खिशातले पैसे घालून राबतात. तरीही काही वर्षांनी तक्रार ऐकू येते की लोक येत नाहीत, मुलांना आस्था राहिली नाही, समाज झोपला आहे. समाज झोपला आहे, असे म्हणण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासली पाहिजे. जे लोक ही वास्तू रोज वापरतात त्यांना आपण शेवटचे कधी विचारले होते?

आमच्या वस्तीतील विहाराच्या माडीवर एक अभ्यासिका आहे. दहा-बाय-वीसच्या खोलीत सहा माणसे राहतात अशा घरांतील मुलामुलींना संध्याकाळी टेकायला ती एकच शांत जागा. काही वर्षांपूर्वी असे झाले की मुलींची संख्या कमी होत गेली आणि एका हिवाळ्यात जवळजवळ संपलीच. त्याच सुमारास तेव्हाच्या कार्यकारिणीने देणग्या गोळा करून खालच्या सभागृहात नवी फरशी बसवली आणि ध्वनिक्षेपकाचा मोठा संच घेतला. मुली का येत नाहीत यावर सभांतून भाषणे झाली. मोबाइलने वाटोळे केले, आईबाप लक्ष देत नाहीत, सावित्रीमाईंच्या लेकी शिक्षण विसरल्या, असे सर्व बोलून झाले. शेवटी विहाराची झाडलोट करणाऱ्या एका वयस्क उपासिकेने चार घरी जाऊन मुलींच्या आयांना विचारले. उत्तर दोन वाक्यांत मिळाले. जिन्यातला दिवा दिवाळीपासून बंद होता. आणि खालच्या संडासाची एकुलती एक किल्ली ज्या गृहस्थांकडे असे, ते सायंकाळी सात वाजता घरी जात.

एक दिवा आणि एक जादा किल्ली! ध्वनिक्षेपकाच्या एका तारेला जेवढा खर्च आला असेल तेवढ्यात हे काम झाले. नव्या वर्षात मुली परत येऊ लागल्या, परंतु सगळ्या नव्हे. ज्या दोघी-तिघींची दहावी-बारावीची वर्षे त्या अंधारात गेली त्यांची वर्षे कोणती कार्यकारिणी परत करणार?

सूचनापेटीचे काय होते?

यावर कोणीही पटकन सुचवतो की सूचनापेटी लावा. मी कारकुनी करणारा माणूस. पेट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एका कार्यालयात तक्रारपेटी उघडायची ठरली तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात आठवडा गेला आणि कुलूप तोडल्यावर आत बसची जुनी तिकिटे, सुपारीची कागदे आणि चार वर्षांपूर्वीच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकी एकजण तोवर सेवानिवृत्तही झाला होता. पेटीत टाकलेल्या कागदाला क्रमांक नसतो, तारीख नसते, पोच नसते. म्हणून त्याला वारसही नसतो. आजकाल मोबाइलवरच्या वस्तीच्या गटाचीही तीच गत आहे. नळाला पाणी नाही असे कोणी लिहिले की पाच मिनिटांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हार घातलेली छायाचित्रे यांखाली ते गाडले जाते. सर्वांनी वाचले आणि कोणाचेच काम झाले नाही!

कोणत्याही कचेरीत टपाल आले की प्रथम आवक-जावक नोंदवहीत चढते. कागद कितीही क्षुल्लक असो, त्याला आवक क्रमांक मिळतो, आणि एकदा क्रमांक मिळाला की तो निकाली काढावा लागतो. सरकारी कचेऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण ही त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे. नव्या कार्यकारिणीने आमच्या विहारात अशीच एक वही ठेवायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे दिले. दोनशे पानांची साधी वही. तीत रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, सांगणारा, काय अडते, काय हवे, निर्णय, निर्णयाचे कारण, कोण करणार, कधीपर्यंत. वही विहारातच असते, कोणीही उघडून पाहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे अभ्यासिकेतली मुले लिहून घेतात आणि वाचून दाखवतात. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर नव्या नोंदी वाचायच्या, त्यांवर मोकळेपणी बोलायचे, आणि मागच्या पौर्णिमेच्या नोंदींचे काय झाले ते सांगायचे.

हे शेवटचे सर्वांत जड जाते. नवी मागणी ऐकून घ्यायला उत्साह असतो. मागच्या मागणीचे उत्तर द्यायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. पहिल्या दोन पौर्णिमांना लोकांनी फारसे काही सांगितले नाही. आले-गेले, नुसते ऐकले. तिसऱ्या पौर्णिमेला, पाण्याच्या टाकीचे झाकण बसले असे वहीतील क्रमांकासह वाचून दाखवले, त्यानंतर एकाच सायंकाळी अकरा नोंदी आल्या. बोलण्याचा काही उपयोग होतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कष्टकरी माणूस बोलत नाही. त्याला बोलायला वेळ नसतो असे नाही. फुकट बोलायला वेळ नसतो.

काय हवे आणि काय अडते

वहीत ‘काय अडते’ आणि ‘काय हवे’ असे दोन निराळे रकाने का ठेवले, हे मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर महाउपासिका विशाखेकडे आहे.

श्रावस्तीच्या जेतवनात मुसळधार पाऊस पडत होता. विशाखेने भगवंतांना संघासह भोजनाचे निमंत्रण दिले होते. भोजन तयार आहे हे सांगण्यासाठी तिने दासीला पाठवले. भिक्खू त्या वेळी वस्त्रे काढून पावसात अंघोळ करीत होते. दासी परत येऊन म्हणाली की तिथे भिक्खू कोणीच नाहीत, आजीवक पंथाचे नग्न साधू तेवढे आहेत. विशाखा चतुर, तिने काय घडले ते ओळखले. भोजनानंतर तिने भगवंतांकडे आठ गोष्टी मागितल्या: भिक्खूंना पावसाळी वस्त्र, बाहेरगावाहून येणाऱ्या भिक्खूला भोजन, प्रवासाला निघणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला औषध, नित्य पेज, आणि भिक्खुणींना स्नानवस्त्र. हे सर्व ती आजन्म स्वखर्चाने देणार होती. तरीही भगवंतांनी लगेच होकार दिला नाही. कोणती गोष्ट पाहून तू हे मागतेस, असे त्यांनी विचारले.

विशाखेने एकेका गोष्टीचे कारण सांगितले. दासीचा प्रसंग सांगितला. नवा आलेला भिक्खू गावाचे रस्ते ओळखत नाही, भिक्षेसाठी वणवण करून दमतो. निघणारा भिक्षा मागत बसला तर त्याचा तांडा निघून जातो. शुश्रूषा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी गेला तर आजाऱ्याचे जेवण उशिरा येते. भिक्खुणी अचिरवती नदीवर अंघोळीला जातात तेव्हा त्याच घाटावर गणिका येतात आणि त्यांची थट्टा करतात. ही कारणे ऐकल्यावर भगवंतांनी साधुकार दिला आणि आठही गोष्टींना अनुज्ञा दिली. स्नानवस्त्र हवे ही झाली मागणी. घाटावर होणारी विटंबना ही झाली अडचण. मागणीच्या पाठीमागची अडचण कळली नाही तर चुकीची वस्तू पदरात पडते.

आमच्या वहीत एका मुलाने लिहिले होते: संगणक हवा. संगणक म्हणजे मोठा खर्च, तेव्हा देणगीदार शोधण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मग शेजारचा रकाना भरायला त्याला बोलावले. काय अडते? तो म्हणाला, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो, मोबाइलवर दाखले नीट चढत नाहीत, बाहेरच्या केंद्रात पैसे घेतात आणि चूक झाली की अर्ज परत येतो, तो पुन्हा भरायचे पुन्हा पैसे. त्याची अडचण संगणक नव्हती. दाखले कोणत्या क्रमाने लागतात, उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, जातवैधतेचे प्रमाणपत्र कुठे जोडायचे, हे सांगणारा माणूस त्याला हवा होता. वस्तीतील महाविद्यालयात लिपिक असलेल्या एका भगिनीने रविवारी दोन तास बसायचे कबूल केले. एक जुना संगणकही पुढे कोणीतरी दिला, पण काम झाले ते त्या भगिनीमुळे.

सर्वांनाच सभेत बोलता येत नाही

खुल्या चर्चेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. सभेत जो मोठ्याने बोलतो त्याचीच मागणी ही समाजाची मागणी ठरते. आमच्याकडे पूर्वी सभा रात्री आठला असे. त्या वेळी धुणीभांडी करून परतलेल्या बायका चुलीपुढे असतात. विहार सर्वांत जास्त वापरणाऱ्या, झाडणाऱ्या, फुले-मेणबत्त्या आणणाऱ्या बायका, आणि विहाराचे निर्णय त्यांच्यावाचून! आता त्यांच्यासाठी रविवारी दुपारी वेगळी बैठक होते आणि वही तिकडे जाते.

विनयपिटकात चुल्लवग्गात मतभेद मिटवताना शलाका वाटून मत घेण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत: गुप्त, कानात सांगून, आणि उघड. त्या वादाच्या निर्णयासाठी होत्या हे खरे, पण माणसाच्या स्वभावाची केवढी जाण त्यांत आहे! काही गोष्टी चारचौघांत बोलता येतात, काही कानात सांगाव्या लागतात, काहींना नावच नको असते. जिन्यावर उभे राहून कोण पोरे शेरे मारतात हे अठरा वर्षांची मुलगी पौर्णिमेच्या सभेत उभी राहून सांगणार नाही, आणि तिने तसे सांगावे ही अपेक्षाही निर्दयपणाची आहे. अशा गोष्टी वहीत चढत नाहीत. दोन वडीलधाऱ्या उपासिकांना त्या सांगायच्या आणि त्यांनी कार्यकारिणीकडून काम करून घ्यायचे, असे ठरले आहे. सर्व काही उघड्यावर वाचून दाखवलेच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या काही तरुण कार्यकर्त्यांशी माझा या मुद्द्यावर वाद झाला. मी माझ्या मतावर कायम आहे.

त्याच चुल्लवग्गात शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा हेही सांगितले आहे. तो आवडीमुळे वाकडा जाणारा नसावा, द्वेषामुळे नसावा, मोहामुळे नसावा, भीतीमुळे नसावा. आणि पाचवा गुण असा की कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला नेमके माहीत असावे. पहिले चार गुण साधूचे आहेत. पाचवा मात्र निव्वळ कारकुनाचा आहे, आणि तोही तिथे आहे हे वाचून मला फार बरे वाटले!

किती जणांनी मागितले याची मोजदाद ठेवावी लागते. एकच गोष्ट पंधरा जणांनी सांगितली तर पंधरा नोंदी करत नाहीत, एकाच नोंदीसमोर पंधरा रेघा पडतात. परंतु केवळ रेघा मोजून निर्णय केला तर अन्याय होतो. पायऱ्यांना कठडा हवा, ही मागणी एकाच आजींची होती. त्यांच्या नावापुढे एकच रेघ. पंख्यासाठी वीसच्या वर रेघा होत्या. वादावादी झाली. पंखा नसला तर घाम येतो, कठडा नसला तर आजी वर येऊच शकत नाहीत, असे एका रिक्षाचालक बांधवाने सांगितले आणि कठडा आधी झाला. पुढे पाहिले तर तो कठडा धरून चढणारे कितीतरी निघाले. त्यांनी कधी मागितला नव्हता इतकेच.

नाही म्हणण्याचाही एक रिवाज

लोकांना विचारायला कार्यकर्ते घाबरतात त्याचे एक कारण असे की विचारले तर सर्वच द्यावे लागेल, असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. देवदत्ताने भगवंतांपुढे पाच मागण्या ठेवल्या होत्या. भिक्खूंनी आयुष्यभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, टाकाऊ चिंध्यांचीच चीवरे वापरावीत, झाडाखालीच राहावे, मासे-मांस खाऊ नये. दिसायला मोठ्या वैराग्याच्या मागण्या! भगवंतांनी त्या सक्तीच्या करण्यास नकार दिला. ज्याला अरण्यात राहायचे त्याने राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने तसे राहावे. नकार स्पष्ट होता आणि ज्याला पाळायचे त्याला मोकळीक होती. उलट अवंतीकडून सोण कुटिकण्ण स्थविर महाकच्चानांचा निरोप घेऊन आला, की आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत, उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमवायला मला तीन वर्षे लागली, आणि आमच्याकडची काळी जमीन गुरांच्या खुरांनी तुडवलेली, पायांना टोचणारी आहे. तेव्हा सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच भिक्खूंचा गण आणि जाड तळाच्या वहाणा मान्य झाल्या. एक मागणी नाकारली, एक मानली. दोन्ही वेळा कारण समोर होते.

आमच्या वहीत १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी मोठा डीजे आणावा, ही मागणी तिसेक रेघांची आहे. तिच्यापुढे ‘नाही’ असे लिहिले आहे आणि कारणही लिहिले आहे: लहान बाळे, हृदयरोगी आणि परीक्षेला बसलेली मुले यांना त्रास होतो, तो पैसा अभ्यासिकेच्या पुस्तकांना लागेल. पोरे रागावली. दोघांनी विहारात येणे बंद केले, त्यातला एक परत आला. परंतु आमचे ऐकलेच नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. लेझीम पथकाची त्यांची दुसरी मागणी मान्य झाली आणि त्यात तीच पोरे पुढे आहेत.

विचारल्याने आपले मोठेपण कमी होईल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहावे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. तिने संविधानाचा मसुदा तयार केला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध करण्यात आला. प्रांतिक सरकारांनी, न्यायाधीशांनी, संस्थांनी, नागरिकांनी त्यावर सूचना आणि हरकती पाठवल्या. समितीने त्या तपासल्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले की तो आठ महिने लोकांसमोर होता, मित्रांना, टीकाकारांना आणि विरोधकांनाही मत सांगायला पुरेसा अवधी मिळाला. त्या मसुद्यात ३१५ कलमे होती. सभागृहात सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडण्यात आल्या, आणि शेवटी संविधान ३९५ कलमांचे झाले. या देशात कायद्याचा त्यांच्याएवढा व्यासंग किती जणांचा होता? तरीही त्यांनी कलमामागून कलम उभे राहून उत्तरे दिली, काही दुरुस्त्या स्वीकारल्या, काही नाकारल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनीच देशाला आठवण करून दिली की ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे संसदीय नियम बौद्ध भिक्खुसंघाला ठाऊक होते. हे नियम भारताला नवे नाहीत, ते भारताने गमावले होते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या विहाराच्या सभेत ते आपण पुन्हा गमावत आहोत काय?

या सवयीचा बाहेरही उपयोग होतो. शहराचा विकास आराखडा निघाला की कायद्याने हरकती व सूचना मागवाव्या लागतात. २०१५ साली मुंबईच्या नव्या आराखड्याच्या मसुद्यावर नागरिकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या आणि राज्य शासनाला तो दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. अशी जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, मुदत थोडी असते, आणि आपल्या वस्त्यांना तिचा पत्ता मुदत संपल्यावर लागतो. ज्या वस्तीत ‘काय अडते, काय हवे, का हवे’ हे तीन रकाने भरायची सवय लागली आहे, तिथली माणसे नगरपालिकेलाही तसाच नेमका अर्ज लिहितात. आमच्याकडील महिलांनी गटाराच्या झाकणांचा अर्ज केला तेव्हा कोणत्या घरापुढे, किती झाकणे, कोणत्या दिवशी कोणाचा पाय मोडला, इतके सर्व त्यात होते. अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याने तो दोनदा वाचला आणि पोच दिली.

आमच्या वहीत सध्या क्रमांक ५२ उघडा आहे. बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलींनी अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी अशी मागणी केली आहे. ‘काय अडते’ च्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे की घरात दूरदर्शन संच दहाच्या आधी बंद होत नाही. अडचण किल्लीची आहे. इतक्या रात्री कुलूप लावून मुलींना घरापर्यंत सोडणार कोण? कार्यकारिणीतल्या पुरुषांनी सुरक्षिततेचे कारण देऊन नकार लिहायचे सुचवले होते. रविवारच्या बैठकीत चार आयांनी आळीपाळीने बसायची तयारी दाखवली, अट एकच घातली की किल्ली त्यांच्याजवळ राहील. निर्णयाचा रकाना अजून कोरा आहे. येत्या पौर्णिमेला तो सर्वांसमोर भरायचा आहे.